भूमिहीनाच्या लेकराने शेतीवर संशोधन करायचे नाही का?

आम्ही ज्या खोलीत बसून काम करतो, तिथल्या लोखंडी कपाटात भरलेल्या प्रश्नावल्यांचा एक गठ्ठा तीन वर्षांपासून पडून आहे. वसमत तालुक्यात हळद काढायला, शिजवायला आणि पॉलिश करायला जाणाऱ्या बायांच्या मुलाखती त्यात आहेत. रोज किती मिळतो, गुत्त्याने काम घेतले तर हातात किती पडते, कुकरच्या वाफेने कुणाचा हात भाजला, पॉलिशच्या ड्रमजवळ बसून कुणाला खोकला लागला, दवाखान्याचा खर्च कुणी केला, असे साधे साधे प्रश्न. या प्रश्नावल्या भरून घेणारा मुलगा आमच्या चळवळीतलाच. आई शेतमजूर, बाप वीटभट्टीवर. त्याने कृषी पदवी घेतली, मग कृषी विस्तार शिक्षणात पदव्युत्तर पदवी घेतली आणि पीएचडीला प्रवेश मिळवला. बौद्ध वस्तीतून इथवर पोचलेला तो पहिलाच.

आज तो पुण्याजवळच्या एका गोदामात पाकिटे भरतो.

झाले ते असे. मजूर बायांवरचा विषय घेऊन गेला तेव्हा त्याला सांगण्यात आले की हा कृषीचा विषय नाही, समाजशास्त्राचा आहे. समाजशास्त्रवाले म्हणाले, हळदीचे काय ते कृषीवाल्यांना विचारा. शेवटी त्याच्या पदरी विषय पडला तो हळद उत्पादक शेतकऱ्यांनी सुधारित तंत्रज्ञानाचा किती अवलंब केला, हा. विषय वाईट नव्हता, पण तो त्याचा नव्हता. तरीही पोराने तो घेतला आणि मजूर बायांच्या प्रश्नावल्या स्वतःच्या हिमतीवर वेगळ्या भरत राहिला. मग फेलोशिपची निवड लांबली, निवड झाल्यावर पैसे लांबले, आणि इकडे आईने गटातून उचललेल्या कर्जाचे हप्ते काही लांबेनात. एक दिवस गठ्ठा आमच्याकडे ठेवून तो निघून गेला. कुठल्या विद्यापीठात, कुठल्या संस्थेकडून हे झाले त्यांची नावे आम्ही घेत नाही, कारण हे एका ठिकाणचे दुखणे नाही.

या लेखात आम्हाला एकच मुद्दा मांडायचा आहे. संशोधनाची फेलोशिप म्हणजे गरीब विद्यार्थ्याला दिलेली मदत, एवढाच तिचा अर्थ लावला जातो. आमच्या मते तो अर्थ अपुरा आहे. शेतीबद्दल प्रश्न कुणी विचारायचे आणि कुठले विचारायचे, हे फेलोशिपवरून ठरते. ती ज्याला वेळेवर मिळते त्याचे प्रश्न ज्ञान म्हणून छापले जातात. ज्याला मिळत नाही त्याचे प्रश्न कपाटात राहतात.

साडेअकरा पौंडांचे काय झाले?

आपल्या समाजाच्या इतिहासातली सर्वात गाजलेली शिष्यवृत्ती सर्वांना ठाऊक आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंड देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. जयंतीच्या भाषणात ही गोष्ट हमखास येते. पण त्या पैशातून पुढे काय उभे राहिले, याबद्दल आपण 'बाबासाहेब विद्वान झाले' यापलीकडे फारसे बोलत नाही.

ते विद्वान झाले, आणि त्या विद्वत्तेचे पहिले काही घाव त्यांनी शेतीच्या प्रश्नावर घातले. १९१८ मध्ये त्यांचा 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज' हा निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी शेतीच्या दुरवस्थेचे एकच कारण सांगितले जाई : जमिनीचे तुकडे फार लहान झालेत, ते एकत्र करा. बाबासाहेबांनी विचारले की तुकडा लहान आहे की मोठा, हे नुसत्या एकरांवरून कसे ठरेल? शेतकऱ्याजवळ अवजारे किती, भांडवल किती, राबणारे हात किती, यावर ते ठरते. खरे दुखणे शेतीवर लादल्या गेलेल्या जादा माणसांचे आहे, आणि त्यावरचा उपाय औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांनी मांडले. यात आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते ते हे, की जमिनीच्या एकत्रीकरणासाठी बडोदा संस्थानाने नेमलेल्या समितीच्या मतांचीही त्यांनी या निबंधात कठोर चिकित्सा केली. ज्या संस्थानाने शिष्यवृत्ती दिली, त्याच संस्थानाच्या समितीची! शिष्यवृत्ती घेतली म्हणून देणाऱ्याची री ओढायची नसते, हा धडा त्यांनी तेव्हाच घालून दिला.

आता दुसरी बाजू पाहा. १९१७ मध्ये या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो पुरा करायला १९२० साल उजाडले, आणि तेही स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, अशी जुळवाजुळव करून. पैसा थांबला की अभ्यास थांबतो, हे बाबासाहेबांच्याही वाट्याला आले. फरक एवढाच की बाबासाहेब परत गेले. आमचा गोदामातला मुलगा परत जाईल याची हमी कोण देणार? प्रत्येक संशोधकाने आंबेडकर असावे, अशी अट घालून व्यवस्था चालवता येत नाही.

बाबासाहेबांना स्वतःला हे नेमके कळले होते. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आणि शेतीचा धागा तर त्यांनी कधीच सोडला नाही. १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक, १० जानेवारी १९३८ ला मुंबईच्या कौन्सिलवर शेतकऱ्यांचा मोर्चा, १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती राज्याच्या मालकीची करून ती जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांच्या गटांना कसायला देण्याची योजना. त्यांना जमीनदारही नको होता, कूळही नको होते आणि भूमिहीन मजूरही नको होता. एका शिष्यवृत्तीतून निघालेली ही वाट आहे.

हिंगोलीच्या शेतात प्रश्न कुणाचे?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आमचा हिंगोली जिल्हा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ, असे पाचच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद यांवर जिल्हा चालतो. दिवाळी सरली की टोळ्या ऊसतोडीला जातात, कुणी वीटभट्ट्या गाठतात.

शेतीच्या ज्ञानाची साधने इथे नाहीत असे नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि त्याचे कार्यक्षेत्र सगळा मराठवाडा आहे. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. २०२२ मध्ये वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले आणि त्यासाठी १०० कोटींची घोषणा झाली. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन झाले. हळदीला चांगले दिवस येत आहेत आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. कारण भाव पडला की पहिला मार मजुरीवर येतो, हे आम्ही पाहिले आहे.

पण या सगळ्या संशोधनाची भाषा तपासा. कुठले वाण घ्यावे, गादीवाफा किती रुंद असावा, करप्यावर कुठले औषध मारावे, कुरकुमिनचे प्रमाण कसे वाढेल, निर्यात कशी होईल. हे सगळे प्रश्न ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याचे. त्याचे प्रश्न खोटे नाहीत. अल्पभूधारक शेतकरी, मग तो मराठा असो, हटकर असो, वंजारी असो की आदिवासी, तोही पिचलेलाच आहे. आमचे म्हणणे इतकेच, की जो मनुष्य शेतात राबतो पण सातबाऱ्यावर नाही, त्याचे प्रश्न शेतीचे मानलेच जात नाहीत.

आणि असा मनुष्य कोण? २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात शेतीत राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या दर दहा माणसांपैकी सात जण शेतमजूर आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहितीखालील क्षेत्रापैकी सुमारे साडेआठ टक्केच अनुसूचित जातींकडे आहे, आणि लोकसंख्येतला वाटा मात्र साडेसोळा टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे शेतीशी आपले नाते हाताचे आहे, कागदाचे नाही.

कागद मिळावा म्हणून आपल्या माणसांनी काय कमी केले? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसांनी तुरुंग भरले. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांनी मार खाल्ला, पिकांवर जनावरे सोडलेली पाहिली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची योजना आहे. आता सांगा, हिंगोली जिल्ह्यात गायरानाचे किती पट्टे खरोखर नावावर झाले? योजनेतून मिळालेली जमीन कसदार होती की माळरान? पाच वर्षांनी ती कोण कसत होते? विहीर झाली का, बैलबारदाना झाला का, बँकेने पीककर्ज दिले का? कुणीतरी चार-पाच वर्षे गावोगाव फिरून, तलाठ्याचे दप्तर आणि बाईचे तोंडी म्हणणे शेजारी शेजारी ठेवून लिहिले पाहिजे असे हे प्रश्न आहेत. याला प्रबंध म्हणतात. आणि पोटाला चिमटा घेऊन असा प्रबंध लिहिता येत नाही.

आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. कीटकनाशक बोंडअळीवर किती परिणामकारक आहे, याच्या चाचण्या होतात. पंप पाठीवर घेणाऱ्याच्या फुप्फुसावर काय परिणाम होतो, हा प्रश्न पेपरात बातमी आल्यावर सुचतो. ज्याच्या बापाने पंप पाठीवर घेतला त्या पोराला हा प्रश्न बातमीआधीच सुचला असता. पण तो संशोधक व्हायला हवा ना!

दारे कुठे कुठे बंद आहेत

आता कुणी म्हणेल की फेलोशिप तर आहेत की. आहेत. पण कृषी शाखेच्या विद्यार्थ्यासाठी वाट कशी आहे ते नीट पाहा.

अनुसूचित जातींसाठी २००५ च्या सुमारास सुरू झालेली केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. तिच्यातल्या वर्षाच्या २००० जागा आता यूजीसी-नेट आणि सीएसआयआर-नेटच्या गुणांवर भरल्या जातात. यूजीसीच्या विषययादीत कृषिविद्या, मृदाशास्त्र, कृषी विस्तार हे विषय नाहीत. सीएसआयआरचे विषय पाचच : रसायन, जीव, भौतिक, गणित आणि भू-विज्ञान. कृषी विषयांची नेट वेगळी, ती कृषी वैज्ञानिक भरती मंडळ घेते. तिच्यातून अध्यापनाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही. म्हणजे कृषी विषयात पीएचडी करणाऱ्या आपल्या मुलासमोर दलितांसाठीच्या सर्वात मोठ्या राष्ट्रीय फेलोशिपचे दार जवळजवळ बंदच आहे. कुणी मुद्दाम बंद केले असे आम्ही म्हणत नाही. दार बसवताना हा मुलगा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, एवढे मात्र खरे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतःची फेलोशिप आहे, पण तिच्या जागा मोजक्या.

मग उरते ती बार्टी. २०१३ पासून सुरू असलेल्या बाबासाहेबांच्या नावाच्या या फेलोशिपने महाराष्ट्रात शेकडो संशोधक उभे केले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण अलीकडची वर्षे आठवा. २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ जणांपैकी २०० जणांनाच फेलोशिप देण्याचे घाटत होते. संशोधक विद्यार्थी महिनोन्‌महिने आझाद मैदानात बसले, तेव्हा कुठे सर्वांना मंजूर झाली. २४ डिसेंबर २०२३ ला बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा झाली, तर तीत २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका उतरलेली! १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा झाली, तिथेही पाकिटे सीलबंद नसल्याची तक्रार होऊन विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. २०२२ च्या तुकडीतल्या ७६३ जणांना निम्मीच रक्कम देऊ केली गेली आणि पूर्ण रकमेसाठी पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. ज्या वयात शेतात नमुने गोळा करायचे, त्या वयात आमचा संशोधक मैदानात सतरंजीवर बसलेला असतो. सोयाबीनचा हंगाम त्याच्या उपोषणासाठी थांबत नाही. एक हंगाम चुकला की शेतीच्या संशोधनाचे आख्खे वर्ष जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ग्रंथालय पुढच्या महिन्यातही उघडे मिळते, कृषीच्या विद्यार्थ्याला पीक पुढच्या महिन्यात मिळत नाही. म्हणून उशिरा आलेली फेलोशिप कृषी संशोधकाला दुप्पट महाग पडते.

परदेशाची वाट आणखी गमतीची आहे. आशियात शेतीच्या संशोधनाची मोठी केंद्रे आहेत. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसला १९६० पासून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथेच १९६६ पासून आग्नेय आशियातल्या देशांनी मिळून उभारलेले केंद्र आहे, आणि कृषी व ग्रामीण विकासाच्या पदव्युत्तर संशोधकांना फेलोशिप देणे हे त्याचे मुख्य काम आहे. छोट्या छोट्या देशांनी ठरवले की आपल्या शेतीचे प्रश्न आपल्याच मुलांनी, आपल्याच भागात राहून सोडवायचे. त्याच फिलिपिन्समध्ये नेग्रोस बेटावर हंगामापुरते ऊस तोडायला जाणारे मजूर आहेत, त्यांना सकाडा म्हणतात. त्यांचे आणि आमच्या सेनगाव-कळमनुरीच्या ऊसतोड मजुरांचे जगणे शेजारी ठेवून कुणी अभ्यास केला तर दोन्ही देशांना उपयोग होईल.

पण आपल्या विद्यार्थ्याला तिथे पाठवील कोण? राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५, आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असावे ही अट. फिलिपिन्स विद्यापीठ, थायलंडचे कासेतसार्त, इंडोनेशियाचे बोगोर, यांपैकी एकही त्या दोनशेत नाही. लंडनला जाऊन काहीही शिका, पण ज्या मातीत आपल्यासारखाच पाऊस पडतो आणि आपल्यासारखाच मजूर राबतो तिथे जाऊन शेती शिकू नका, असा या अटीचा अर्थ होतो. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागांपैकी ४ जागा भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहेत. सगळ्या देशात चार! त्यातही २०२२ पासून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातील समाजाचा अभ्यास हे विषय वगळले गेले. शेतमजुराच्या मुलाने परदेशात जावे, पण शेतमजुराबद्दल लिहू नये. २०२५ च्या जुलैत तर निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रे गेली. उरलेल्यांना सांगण्यात आले की निधी असेल तर पाहू.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सत्तेच्या बाकावरून येतो. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. त्यावर गदारोळ झाला. आम्हाला त्या शब्दांपेक्षा त्यामागचा समज महत्त्वाचा वाटतो. तो समज अनेक पक्षांत आहे, अनेक अधिकाऱ्यांत आहे आणि खरे सांगायचे तर आपल्या वस्तीतही आहे. गरिबाच्या पोराने तलाठी व्हावे, पोलीस व्हावे, फार तर शिक्षक व्हावे. ज्ञान निर्माण करणे हे दुसऱ्या कुणाचे तरी काम! जातिव्यवस्थेने ज्ञानाची मक्तेदारी अशीच तर टिकवली. तेव्हा ती ग्रंथाच्या नावाने होती, आता ती उपयुक्ततेच्या नावाने आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. म्हणतात, सरकारकडे पैसा नाही. हिशेब करू. पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढची तीन वर्षे ४२ हजार धरले, तर घरभाडे भत्ता सोडून एका संशोधकाला पाच वर्षांत २४ लाख रुपये लागतात. २०२२ च्या ७६३ जणांना पूर्ण पाच वर्षे द्यायचे तर साधारण १८३ कोटी. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि विभागाच्या मंत्र्यांनीच त्यावर नाराजी जाहीर केली. त्या एका वळवलेल्या रकमेत ७६३ संशोधकांचा पाच वर्षांचा खर्च दोनदा भागला असता आणि वर उरला असता. आमच्या बहिणींना पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. बहिणीला द्यायचे तर तिच्याच लेकराच्या ताटातले काढून देऊ नका, एवढेच म्हणतो.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो टाळणे आम्हाला पटत नाही. फेलोशिप घेऊन काहीच न करणारेही आहेत. पाच वर्षे पैसे उचलायचे, दुसऱ्याचा प्रबंध इकडचा तिकडे करायचा आणि नावापुढे डॉक्टर लावून मिरवायचे, असे नमुने आपल्यातही आहेत. त्यांना पाठीशी घालायचे कारण नाही. सहामाही प्रगती अहवाल कडक तपासा, प्रबंध तपासा, खोटे असेल तर पैसे वसूल करा. पण काही जण कामचुकार निघाले म्हणून योजनाच आवळायची, हा न्याय साखर कारखान्यांना कधी लावला का? बुडीत कारखान्यांना थकहमी देताना किती जणांची चाळणी परीक्षा घेतली?

आपण काय केले?

आता थोडे स्वतःकडे. आम्ही स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केले आणि अस्मितेच्या, साहित्याच्या, धम्माच्या विषयांवर तासन्‌तास बोललो. ते आवश्यकच होते. १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार पाहिलेल्या घरांतून आम्ही आलो. विद्यापीठाच्या नावासाठी माणसांनी घरे जाळून घेतली, जीव दिले. पण त्या विद्यापीठांत जाऊन आपल्या पिढीने विषय कुठले निवडले? बाबासाहेबांच्या विचारांवर प्रबंध लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. बाबासाहेबांनी उचललेला शेतीचा प्रश्न पुढे नेणारे किती आहेत, ते हाताच्या बोटांवर मोजून पाहा.

यालाही कारण आहे. गाव सोडा, शहरात जा, हा बाबासाहेबांचा सल्ला आपण मनापासून पाळला आणि त्यात आपले भलेही झाले. शेतीशी आपल्या अपमानाच्या आठवणी बांधलेल्या आहेत : सालगडी, वेठ, बलुत्याचे धान्य. त्यामुळे शिकलेला पोरगा शेताकडे पाठ फिरवतो आणि आम्हाला त्याचा राग येत नाही. पण जी माणसे गाव सोडू शकली नाहीत ती अजून तिथेच आहेत. हळदीच्या रानात वाकलेली आहेत. शिकलेल्यांनी पाठ फिरवली तर त्यांच्या बाजूने आकडा कोण मांडणार? मोर्चात घोषणा देता येते, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आकडा ठेवावा लागतो. आकडा नसला की निवेदनाला पोच मिळते, उत्तर मिळत नाही. हा आमचा अनुभव आहे.

आमच्या मागण्या

आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय फेलोशिपमध्ये कृषी विषयांसाठी वेगळ्या जागा ठेवा आणि त्यासाठी कृषी विषयांची नेट ग्राह्य धरा. दुसरी, राज्याची फेलोशिप पीएचडीच्या नोंदणीच्या दिनांकापासून आणि दरमहा द्या, आणि तिची जाहिरात, परीक्षा व निकाल यांचे वेळापत्रक कायद्याने बांधा, म्हणजे दरवर्षी मैदान गाठावे लागणार नाही. तिसरी, परदेश शिष्यवृत्तीत कृषी आणि ग्रामीण विकासासाठी क्रमवारीची अट शिथिल करून आशियातल्या कृषी विद्यापीठांना मान्यता द्या, आणि केंद्राने आपल्याच समाजाचा अभ्यास करण्यावरची बंदी उठवावी.

चौथी मागणी आमच्या जिल्ह्यापुरती आहे आणि ती मान्य करायला दिल्लीची गरज नाही. वसमतच्या हळद संशोधन केंद्रात मजुरांचे आरोग्य, मजुरी आणि अवजारे या विषयांवर दरवर्षी काही फेलोशिप ठेवा, आणि त्यांत भूमिहीन कुटुंबांतल्या मुलामुलींना प्राधान्य द्या. हळदीला मानांकन मिळाले ते इथल्या मातीमुळे आणि हवामानामुळे मिळाले, तसेच इथल्या मजुरांच्या हातामुळेही मिळाले. पॉलिशच्या ड्रमला धूळ ओढणारे साधन बसवायला किती खर्च येतो, एवढे जरी एखाद्या मुलीने शोधून काढले तरी त्या फेलोशिपचा पैसा फिटला असे आम्ही समजू.

आणि आपल्या समाजाला एक विनंती. येत्या १४ एप्रिलला वर्गणी जमेल. डीजेला जेवढे देतो त्याच्या निम्मे बाजूला काढून तालुक्यातल्या एका कृषी संशोधक विद्यार्थ्याचा प्रवासखर्च आणि प्रश्नावल्यांच्या झेरॉक्सचा खर्च उचलता येणार नाही का? सरकारची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. पण पैसे येईपर्यंतच्या दहा महिन्यांत पोरगा टिकून राहतो.

तो गठ्ठा आम्ही जपून ठेवला आहे. मागच्या महिन्यात त्या मुलाला फोन केला तेव्हा त्याने सगळ्यात आधी विचारले, "दादा, कागदांना वाळवी तर नाही ना लागली?" नाही लागली. दर पावसाळ्याआधी आम्ही ते उन्हात घालतो. त्यातल्या एकेका बाईने दिवसभर हळद काढून आल्यावर, पिवळ्या हातांनी, चुलीपुढे बसून उत्तरे दिलेली आहेत. ती उत्तरे वाचायला शेतीचा अभ्यास केलेला आणि त्या चुलीजवळ वाढलेला माणूस लागतो. तो माणूस आपल्याकडे होता. त्याला परत आणायचे आहे.

जय भीम.